मालधक्क्याची भिंत

माय, तू मला भिंतीकडं तोंड करून बसवलंस, आणि आता लोक मला विचारतात स्टेशन कसं होतं. काय सांगू? सगळं लहानपण येडशीच्या स्टेशनावर गेलं, पण नळ कुठं होता, मास्तरची खोली डावीकडं का उजवीकडं, घंटा लोखंडाची का पितळेची, यातलं एक धड ठाऊक नाही मला. मला भिंत ठाऊक आहे. मालधक्क्याची, काळ्या दगडाची. तिच्या पुढ्यात तू सीताफळाची पाटी मांडायचीस आणि मी तुझ्या मागं, तुझ्या पाठीला पाठ लावून, नाक भिंतीला. गाडी यायची, माणसं उतरायची, चढायची, इंजिन पाणी प्यायचं, आणि मी आपली मुंग्या बघत बसलेली. लेकराला असं कोणी बसवतं का?

आता हे आलं कुठून ते सांगते. पोरानं पुण्याहून रुळांसकट खेळण्यातली आगगाडी आणली, गणपतीतल्या लक्ष्म्यांपुढच्या देखाव्यासाठी. आपल्या लक्ष्म्यांपुढं काय असायचं, मूठभर गहू आणि मातीचे दोन बैल. इथं धाराशिवात गल्लीतल्या बायका आरास बघायला घरोघर फिरतात, आणि जिथं नवीन काही नाही तिथलं हळदीकुंकू उभ्या उभ्या उरकून निघतात. गेल्या वर्षी सून म्हणाली, आत्या, तुमच्या गावची जुनी बारकी गाडी करू या. मला काय, हाताला काम पाहिजे. दोन फळ्या जोडल्या. पेपरचे बोळे रचून त्यावर पोत्याचे तुकडे प्लास्टरच्या पाण्यात बुडवून टाकले, वाळल्यावर रामलिंगाचा डोंगर झाला. घोसाळ्याच्या जाळीची झाडं केली, लाकडाचा भुसा हिरवा रंगवून त्याचं गवत केलं. सून पुठ्ठा कापायची आणि विचारायची, नळ कुठं घेऊ? घे तिकडं. झाड होतं का? होतं एक, लाव. घंटा? टांग कुठंही. मी अशी फटाफट बोलते ते ऐकून तिला वाटलं, आत्याला सगळं तोंडपाठ आहे.

भिंत आली तेव्हा मात्र मी तिला हात लावू दिला नाही. रस्त्याच्या कामावरची कच आणली, चाळली, धुतली, आणि एकेक खडा चिमट्यानं धरून चिकटवला. खालून दुसऱ्या ओळीत तो तांबूस डागाचा दगड, वरच्या कडीचा गंज उतरून लाल झालेला. त्याच्या बाजूला मुंग्यांचं भोक, ते सुईनं पाडलं. त्याच्या वरचा फुटका, म्हशीच्या तोंडासारखा. भिंत उभी राहिली. बायका आल्या, गाडी फिरली, लेकरं ओरडली, पण बायकांची नजर भिंतीवर. बाकीचं कुणीबी करील, पर ही भिंत बघा, किती ध्यान असंल ह्यांचं, असं त्या बोलत होत्या. ध्यान म्हणे. मी खाली बघून कुंकवाची कोयरी पुसत राहिले.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारी राहते, तिचं सासर येडशी. ती पाट ओढून देखाव्यापुढंच बसली आणि प्रसाद हातात तसाच धरून बघत राहिली. मग म्हणाली, "समदं हाय. सीताफळवाली कुठंय गं? तिच्या हाकेबिगर गाडी हालत न्हवती."

सुनेनं माझ्याकडं बघितलं. लक्ष्म्या समोर होत्या, नव्या लुगड्यात, डोळे उघडे. मी म्हणाले, "असंल कुणीतरी. मला न्हाई आठवत."

"भिंतीतली मुंगी आठवती अन् बाई आठवत न्हाई व्हय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, माय. तिला परत एकदा कुंकू लावलं, उगीच, तिनं उठावं म्हणून. ती गेली आणि मी स्वैपाकघरात जाऊन घासलेली भांडी परत घासली. सासरी मी पहिल्यापासून सांगितलं होतं की आमचा फळांचा व्यापार होता. खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं.

आता ते वर लिहिलंय, तू मला बसवलंस म्हणून. ते खोडत नाही, खोडलं की कागद घाण होतो. पण झालं ते असं. तू मला पहिल्यांदा संगं नेलंस त्या दिवशी मी तुझ्या शेजारीच बसले होते, पाटीवरची पानं हलवत. गाडी लागली आणि पहिल्या डब्यातून कोण उतरावं, तर आमच्या शाळेतल्या बाई. बार्शीकडून रोज त्याच गाडीनं यायच्या, मला कुठं ठाऊक. त्या आपल्याकडंच येताना दिसल्या आणि मी गर्रकन फिरले. बाई फळं दाबून बघतायत, भाव करतायत, मी भिंतीला चिकटलेली. त्यांनी विचारलं, पोरगी भिंतीकडं तोंड करून काय करतेय? तू जरासुद्धा अडखळली नाहीस. म्हणालीस, "दगड मोजतीया. तुम्हीच म्हणलात न्हवं, गणितात कच्ची हाय." बाई हसल्या, फळं घेतली, गेल्या.

घरी येताना मी आता पाठीत धपाटा बसतो म्हणून वाट बघत होते. तो बसला नाही. दुसऱ्या दिवशी पाटी हातभर पुढं मांडलीस, भिंतीत आणि तुझ्यात मी मावेन एवढी जागा केलीस, आणि पदर असा सोडलास की मी कुणाला दिसू नये. तेवढंच तुझं बसवणं. बोललीस ते फक्त एकदा, फळं पुसता पुसता, माझ्याकडं न बघता. "मोजून झालं की जरा माघारी बघ. गाडी फुकट दिसती." मी बघितलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. तुझी हाक मला कानानं ऐकू यायचीच नाही, पाठीतून यायची. इंजिन सुटलं की तुझी पाठ थरथरायची आणि माझी पण.

यंदा मी तुला केलंय. शाडूची, बोटाएवढी. आधी पाठ केली, ती एका झटक्यात झाली. पाटीच्या बाजूचा खांदा उतरलेला, मानेखाली पदराची चुण, सगळं जिथल्या तिथं. तोंडावर हात अडला. चुलीपुढचं तुझं तोंड मला येतं. गिऱ्हाइकापुढं तू कसं तोंड करायचीस, हसायचीस का, हाक देताना हनुवटी वर घ्यायचीस का, हे मी कधी बघितलंच नाही. सून विचारते, ही कोण? म्हटलं, सीताफळवाली. म्हणाली, आठवली म्हणायची शेवटी. मी हो म्हणाले. सुनेचं मी बघून घेईन. पण ती म्हातारी यंदाही येणार, पाट ओढून बसणार, आणि तिच्यासमोर मला सगळ्या बायकांत म्हणावं लागणार की ही माझी आई.

म्हणायचं मी ठरवलंय. अडलंय वेगळंच. मी अजून एक पोरगी केलीय, नखाएवढी. तिला तुझ्या मागं भिंतीकडं तोंड करून ठेवली तर ते खरं, पण ती कुणालाच दिसणार नाही, तिला पाहिजे होतं तसंच होईल. तुझ्या शेजारी ठेवली, गाडी बघत, तर सगळ्यांना दिसेल, शोभेलही, पण ते खोटं. त्या स्टेशनावरचा नळ खोटा, झाड खोटं, घंटा खोटी, तेव्हा मी कुणाला विचारलं नाही. हे एक खोटं मात्र तुला विचारल्याशिवाय करायचं नाही. आणि खरं सांगू का, मी तिला करतानाच पुढं बघणारी केलीय, हात पाटीवर ठेवलेली.

कागद कुठं जाणार नाही हे मला कळतं. तरी तू सांग. सपनात ये, नाहीतर कशीबी ये, पण लक्ष्म्या यायच्या दिवशी, मुखवटे बसवायच्या आत मला सांग. तोवर दोघींना नुसतं टेकवून ठेवते. एकदा गोंद लावला की मग निघत नाही.