पुढच्या चाकाचे दचके

११ जानेवारी २००४, रविवार
नीला माहेरी गेली, तीर्थपुरीला. जाताना म्हणाली, "तुमच्यासोबत लई दचके सोसले. आता बस."
बरोबर आहे तिचं. माझ्या क्रूझर मोटरसायकलचा फोर्क, म्हंजे पुढचा शॉकअपच मऊ. खड्डा आला की पार खाली बसतो. त्यात जाफराबादचे रस्ते. तिची चूक न्हाई. माझी तर बिलकुल न्हाई.
संकल्प : महिनाअखेर फोर्क अपग्रेड. मंग तिला घेऊन यायचं.

१४ जानेवारी
संक्रांत. फोन केला. सासऱ्यांनी उचलला. ती झोपली म्हणे. सकाळी अकराला! प्रवासाचा शीण दुसरं काय.

१८ जानेवारी
जालन्याला कचरू मिस्त्रीकडे. कडक स्प्रिंगा, जाड तेल टाकायचं ठरलं. कचरू म्हणाला, "सायेब, मागच्या माणसाला मागच्या शॉकअपचे दचके बसतेत. तुम्ही पुढचं करून राह्यले."
मी म्हणालो, आधी चालवणारा स्थिर पाहिजे. त्यानं नुसती मान हलवली. पटलं असावं.

२५ जानेवारी
स्प्रिंगा आल्या न्हाईत. नीलाला फोन करणार होतो, केला न्हाई. सरप्राइज राहू दे.
जेवण : कालचीच खिचडी.

१ फेब्रुवारी
फोर्क बसला! येताना मुद्दाम एकेक खड्डा शोधून गाडी घातली. लोण्यासारखी चालली. सवयीनं मागं विचारलं, "बराबर बसलीस ना?" सीट रिकामं होतं. रस्त्यात कोणी न्हवतं, बरं झालं.

८ फेब्रुवारी, रविवार
तीर्थपुरीला पोचलो तर नीला बॅग घेऊन दारातच उभी. मला वाटलं, वाटच बघत होती.
जीप चुकली होती तिची. नांदेडला नोकरी लागली, तिथंच हॉस्टेलवर राहणार. अंबडच्या स्टँडवर सोडता का म्हणाली. सासरे माझ्याकडं न बघता आत गेले.
बसली. बॅग आमच्या दोघांच्या मधे ठेवली. अख्ख्या रस्त्यात मी जपून चालवली. विचारलं, दचका बसला का? न्हाई म्हणाली. मला वाटलं, जमलं!
मंग म्हणाली, "श्रावणात पोटातलं बाळ गेलं, तेव्हा माझा हात नर्सबाईनं धरला होता."
मी म्हणालो, मी होतो की दवाखान्यात.
"बाहेर होतात. गाडीपाशी."
गाडी नवीन होती तेव्हा, पोरं हात लावतात, हे सांगणार होतो. अंबड येईपर्यंत सांगितलं न्हाई.
बॅग मी वर चढवली. तिला खिडकीची जागा मिळाली. बस सुटताना तिनं हात हलवला.
काच ओढून घेत असेल.