तो पोलीस खराच होता

प्रिय आई,

तुला आणि धाकट्या प्रियाला तैवानहून सप्रेम जयभीम.

परवा फोनवर माझंच बोलणं ऐकून तू म्हणालीस, "आवाज नकली बी करतात," आणि फोन कापलास. म्हणून हातानं लिहून राह्यलो. अक्षर तरी ओळखशील.

तब्येत बराबर आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

माझ्या पासपोर्टची मुदत संपत आली. इथं भारताची वकिलात न्हाई, दोन सरकारांचे तसे संबंधच न्हाईत. तिचं काम एक असोसिएशन करते. बोर्डावर वकिलात हा शब्दच दिसेना, म्हणून मी दोनदा दारातून परत आल्तो. वाटलं, एजंटचं दुकान असेल. तिसऱ्यांदा आत गेलो, पण पावती मिळेपर्यंत पासपोर्ट हातातून सोडला न्हाई. खिडकीतल्या बाई हसल्या. काम मात्र खरं निघालं.

मंग पासपोर्टच्या चौकशीला आपल्या गावी वाटूरला जो साध्या कपड्यातला माणूस आल्ता, तो पोलीसच होता. त्याला तू सांगितलंस, "संघपाल नावाचं इथं कोणी न्हाई." आता अर्ज अडकलाय. तुझी चूक न्हाई. अनोळखी माणसाला माझं नाव सांगू नको, हे मीच तुला शिकवून आल्तो.

तो पुन्हा येईल. आधी प्रियाला त्याचं ओळखपत्र नीट वाचू दे, चहा नंतर.

मी भारताचा आहे, हे त्या असोसिएशननं मानलं. मी तुझा आहे, एवढं तू कबूल कर.

तुझा खराखुरा,
संघपाल