ओढ्यातला लालपोट्या

प्रिय आर्डिथताईस,

धाकट्या व्हर्लिनचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझे रोज ओढ्यात बुडवून ठेवतो, म्हणून बरे आहेत.

ओढ्यात का, ते सांगतो. शेजारची ओलेटा (शाळेची बस चालवायची ती, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली) एप्रिलात मक्याचा पाव घेऊन आली आणि आपल्या ओढ्यातले बोटाएवढे मासे बघत उभी राहिली. "व्हर्लिन, ह्यांचं नाव काय रे?" सगळा जन्म ह्या काठावर गेलेला, माहीत नाही म्हणणं जिवावर आलं. ट्राउटची पिल्लं, असं ठोकून दिलं. ती म्हणाली, "ट्राउटच्या पिल्लांची पोटं लाल कधीपासून झाली?"

झालं. मी जाळी घेऊन उतरलो, शेवाळावरून घसरलो आणि मासे अंडी घालत होते त्या खड्यांच्या ढिगावरच बसलो. ओलेटानं आधी बादली सावरली, मग मला (मी ते मनाला लावून घेतलं नाही). दोन मासे मिळाले, पण घरी नेईपर्यंत भीतीनं त्यांचा रंगच उडाला. पुन्हा नेऊन सोडले. मग तिनं मत्स्यखात्यात फोन लावला आणि मी काठावर पालथा पडून वर्णन सांगू लागलो. तिकडच्या मुलीनं विचारलं, अंगावर पट्टे किती?

"काळे दोन, मध्ये सोनेरी. पंख पिवळे," मी म्हणालो.

"खवले?"

"इतके बारीक की दिसतच नाहीत."

"तोंड?"

"लहान," ओलेटा फोनमध्ये म्हणाली. "व्हर्लिनच्या उलट."

मुलगी हसत म्हणाली, हा लालपोट्या डेस, मिनो म्हणतात त्या लहान माशांच्या कुळातला, इथलाच. झऱ्याचं गार, नितळ पाणीच त्याला मानवतं. गढूळ झालं की टिकत नाही. आणि तो लाल रंग वसंतात नरांना चढतो, माद्यांनी बघावं म्हणून. ओलेटानं माझ्या नव्या लाल शर्टाकडे पाहिलं.

ताई, माझी बायको नेल्डा गेल्यापासून मी ओढ्याकडे पाठ करूनच बसायचो. आता आम्ही दोघं खुर्च्या पाण्याकडे तोंड करून मांडतो. गायीही वरच्या अंगाला पाण्यात उतरू नयेत म्हणून कुंपण घातलंय.

तुझा,
व्हर्लिन

ता. क. : ओलेटाशी लग्न करावं म्हणतो. आईवडिलांच्या जागी तूच, म्हणून परवानगी मागतोय. सावकाश विचार करून कळव.

आणखी एक ता. क. : फार सावकाश नको, लग्न पुढच्या शनिवारी आहे. ओलेटाला तिच्या बाजूचं कुणीच उरलेलं नाही. तू येशील तेव्हा माझ्या बाजूला बसू नकोस. चर्चमध्ये तिच्या बाजूला, वधूकडच्यांच्या बाकांवर बस.