श्याओमानचा गुडघा

थ्येनजिन, १२ एप्रिल

आई,

दोन महिने पत्र लिहिलं नाही, रागावू नकोस. मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांचा खोकला थांबला का?

माझ्याकडे टेनिस शिकणाऱ्या श्याओमानचा गुडघा सुजलाय आणि राष्ट्रीय स्पर्धा तोंडावर आली आहे. मुख्य प्रशिक्षक म्हणाले, "तू नव्हतीस का इंजेक्शन घेऊन खेळली? ही काय साखरेची बाहुली आहे?" वरिष्ठांपुढे हसायची सवय, तशी मी हसले. त्यांनी तो होकार धरला आणि तिचं नाव यादीत घातलं.

पाहुण्यांना तू माझं पदक दाखवतेस. त्या स्पर्धेपासून मला कठडा धरल्याशिवाय जिना उतरता येत नाही, हे तुला कधी कळवलं नाही.

तुझी,
यूलान

उद्या: श्याओमानचं नाव यादीतून काढायला सांगणे, न हसता.