काळ्या दगडाची पैज

७ मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद, वि. वि.

अक्षर तुझ्या आईचं, बोल माझे. ओळी मला आता धुक्यातल्या मुंग्यांसारख्या दिसतात. तरी मोतीबिंदूचं ऑपरेशन नको. डोळ्याला सुरी म्हटलं की मी घराबाहेर पळ काढतो. तू म्हणे आभाळात भटकणाऱ्या कोळशासारख्या काळ्या दगडाकडे दुर्बीण लावून बसली आहेस. त्यात काय दिसणार, कप्पाळ! काही सापडलंच, तर मीही डोळा करून घेईन. पैज!

लोभ आहेच, तो माझ्या हट्टासकट असू दे.

तुझे बाबा

१९ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

पैज हरलात! तो दगड सूर्याचा जेमतेम चिमूटभर उजेड परत देतो. तो उजेड आम्ही रंगारंगांत उलगडतो, त्याला सूर्यासारख्या एका ताऱ्याच्या उजेडाने भागतो, म्हणजे सूर्याचा वाटा निघून जातो आणि उरतं ते दगडाचं स्वतःचं. त्याची कागदावर रेघ काढली, तर तांबड्या रंगापाशी तिला हलकीशी खळगी दिसली. पाणी मुरलेल्या मातीची ती खूण. दूर अंधारात, पोटात ओल जपत, तो सावकाश गिरक्या घेत असेल. मला तर दिवसभर तरंगल्यासारखं होतंय. आता मुकाट्याने डॉक्टरांकडे जा.

आपली लाडकी ठकू

४ एप्रिल

ती. बाबांस सा. न. वि. वि.

घोटाळा झाला. भागायला घेतलेला तारा सूर्यासारखा नव्हताच. दुर्बिणीत चुकून हव्या त्या ताऱ्याच्या शेजारचा धरला गेला. खळगी त्याच्यामुळे पडली होती. योग्य तारा घेतल्यावर रेघ अगदी सपाट. दगडाची दुसरी बाजू अजून बघायची आहे, पण पैज तुम्ही जिंकलात. खोट्या खुणेवर तुम्हाला ऑपरेशनला ढकलवत नाही. तरी बाबा, हरलेल्या मुलीचं ऐका, डोळा करून घ्या. तुमच्या अक्षराची फार आठवण येते.

लोभ असावा, चुकलेल्या लेकीवरही.

ठकू

१२ एप्रिल

चि. ठकूस अनेक आशीर्वाद, वि. वि.

अक्षर वाकडं असलं तरी माझं आहे! तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच शब्दाला जागून डॉक्टरांची तारीख घेतली आणि डोळा करून घेतला. भीती वाटलीच, आईचा हात सोडला नाही. पट्टी सुटली त्या सकाळी हातात पडलं ते तुझं दुसरं पत्र. स्वतःच्या डोळ्याने पहिलं काय वाचलं, तर मी जिंकलो! इतका हसलो की डॉक्टरांनी दटावलं. आता जिंकलो म्हणून डोळा परत थोडाच देणार?

तुझी आई खिडकीशी बसली होती. तिची ती काळी शाल गर्द जांभळी आहे गं. विचारलं, तर म्हणाली, पहिल्यापासून तशीच आहे. मग मी नुसता बघत राहिलो आणि ती या वयात चक्क लाजली.

दगडाची दुसरी बाजू समोर आली की लिही. काही दिसलं नाही, तरी लिही. पत्र मी वाचणार आहे.

तुझे बाबा