खटक्यावरची पाटी

३ फेब्रुवारी

पाटी बदलली आहे त्याने!

संगणकावरच्या खेळात आम्ही मिळून बांधलेल्या आमच्या किल्ल्यात नियम एकच. प्रत्येक खटक्यावर पाटी हवी — खटका काय करतो आणि रचना कोणाची. किल्ला आळीपाळीचा आहे. खेळातलं एक वर्ष एकाने चालवायचं, मग फाइल पुढच्याच्या हाती सोपवायची. आधीच्याने डोंगराच्या पोटात काय पोखरून ठेवलं आहे, ते पुढच्याला केवळ पाट्यांवरून कळतं. पाटी नसली तर दार उघडायला जावं आणि नदी घरात यावी! म्हणून पाटीवर खोटं लिहायचं नाही. हे कोणी ठरवलं नव्हतं. पण आजवर कोणी मोडलंही नव्हतं.

माझ्या खटक्यावर होतं : 'पोलाद-मार्ग सुरू. रचना — मौनी.'

आज फाइल उघडली, तर : 'रचना — दादा.'

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. मौनी मी. हे नावही त्यानेच ठेवलेलं.

४ फेब्रुवारी

पोलाद-मार्ग नीट लिहून ठेवते. आता तो या पानांतच माझा उरला आहे.

खनिजाची ढकलगाडी उतारावरून येते आणि तळाच्या दाबपट्टीवर थांबते. तिच्या वजनाने कोळशाचं झाकण उघडतं. गाडी भट्टीत रिकामी झाली की हलकी होते, पट्टी वर येते, झाकण मिटतं. पाणचक्की गाडीला पुन्हा वर ओढून नेते. भट्टीला सरपण नको. माथ्यावरच्या लाव्हाच्या तळ्यातून एक पाट काढला आहे. बुटक्यांनी — आमची सारी प्रजा बुटकीच — फक्त तयार पोलाद उचलायचं.

त्या एका झाकणाने माझा अख्खा उन्हाळा खाल्ला. ते मिटायचं, पण उशिरा, आणि कोळसा जिन्यावर सांडायचा. दादा तेव्हा माझ्या खुर्चीमागे उभा राहून जांभया देत असे. "मौने, सोड ना! वाहू दे की टोपल्यांनी. फुकटात तर राबतात!"

आता 'रचना — दादा'.

६ फेब्रुवारी

कारण कळलं. चोरीपेक्षा कारण हलकं निघालं.

कारखान्यांतल्या स्वयंचलित यंत्रांच्या ओळी आखणारी एक कंपनी एकच शिकाऊ जागा भरणार आहे. मीच दादाला जाहिरात दाखवली होती. स्वतः रचलेली एखादी यंत्रणा परीक्षकांसमोर चालवून दाखवायची. खेळातली असली तरी चालेल. अर्ज दोघांच्या नावाने करायचा, असं ठरलं होतं. त्याने एकट्याच्या नावाने केला.

विचारलं तर हसला. "अगं, समोर परीक्षक बसणार, उलटसुलट विचारणार. तू फोनवर 'कोण बोलतंय' एवढं विचारायला घाबरतेस! आत काय बोलली असतीस?"

मला उत्तर सुचलं. जिना उतरून घरी पोहोचल्यावर.

७ फेब्रुवारी

आईला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबला नाही.

"खेळच ना तो?"

"जागा खरी आहे, आई."

"मग मिळू दे की त्याला. घरातल्या घरात तुझं-माझं काय करतेस?"

ज्याचं गेलं, त्यालाच घर आठवायला सांगतात.

१० फेब्रुवारी

मावशी आली होती. "ताई, पहिल्या फेरीत निवडला गं! मी म्हणत नव्हते, डोकं आहे पोराला, फक्त वळण नाही?" मग माझ्याकडे वळून, अगदी प्रेमाने — "तूही त्याच्यासारखं जरा बाहेर पडत जा. पुस्तकांतून मान काढ."

मी चहाच्या कपबशा आत नेल्या. एकही आपटली नाही. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुली कपबशा आपटत नाहीत.

पण माझ्या मनात एक वाक्य पूर्ण झालं. कर्ता, कर्म, क्रियापद. मी त्याला बुडवणार आहे.

१३ फेब्रुवारी

आळीपाळी माझ्या बाजूने आहे. पुढचं वर्ष माझं. त्यानंतरचं झेरॉक्सवाल्याचं — हा आमचा तिसरा गडी, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो आणि गिऱ्हाईक नसताना खेळतो. आणि शेवटचं दादाचं. त्याच वर्षात तो किल्ला परीक्षकांना दाखवणार.

परीक्षकांची अट : यंत्रणा बंद अवस्थेतून सुरू करून दाखवावी. म्हणजे सगळ्यांदेखत तो एक खटका ओढणार. 'पोलाद-मार्ग सुरू' — ज्यावर त्याने आपलं नाव कोरलं, तोच!

१७ फेब्रुवारी

काम सुरू केलं. लाव्हाच्या तळ्यापासून मुख्य दालनापर्यंत एक बोगदा खणला आहे. दालनात सगळे बुटके जेवतात, भांडतात, झोपतात. बोगद्याच्या तोंडाशी दगडी दार बसवलं आणि ते दार या खटक्याला जोडलं. पोलाद-मार्गाची जोडणी काढून एका आडबाजूच्या खटक्याकडे नेली.

खटका ओढला, की पोलाद नव्हे, आग येईल.

दाराला पाटी लावली नाही. खटक्यावरची पाटी होती तशीच ठेवली. म्हणजे आमच्या किल्ल्यातली पहिली खोटी पाटी माझ्या हातची. माझ्या हातची — पण त्याच्या नावाची! हे मला अतिशय आवडलं. दिवसभर पुन:पुन्हा आठवून आवडलं.

१८ फेब्रुवारी

तो आधी ओढून पाहील का? नाही. चालत्या गोष्टीला दादा हात लावत नाही. समजत नाही ना, म्हणून.

२४ फेब्रुवारी

झेरॉक्सवाल्याकडे फाइल दिली. "काही धोका नाही ना गं? मागच्या वेळी तुझ्या पुलावरून माझी सगळी मेंढरं खाली गेली."

"पाट्या वाचून वागा."

"वाचतो, बाई, वाचतो. मी काही यंत्रांत हात घालत नाही. मी आपला पुतळे करीन."

६ मार्च

त्याने खरोखर वर्षभर पुतळेच केले आहेत! दालनाच्या दोन्ही बाजूंना ओळीने. आमच्या तिघांच्या नावाचा एकेक बुटका किल्ल्यात आहे, त्यांचेही केले. 'दादा' बुटका हात कमरेवर ठेवून उभा. 'मौनी' बुटकीच्या तोंडावर बोट. हसू आलं, आणि लगेच आठवलं, हे सगळं जळणार आहे. मेंढरांसकट.

तरीही हसूच येत राहिलं.

फाइल आता दादाकडे.

१५ मार्च

दादा दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं नाही.

"अर्जात दुसरं नाव आता घालता येत नाही म्हणाले. विचारून आलो."

कशाला विचारलंस, असं मी विचारलं नाही. चांगुलपणाची हौस आहे त्याला. ती मी का फेडावी?

जाताना थांबला. "मौने, तुझ्या वर्षी तू काही बदललंस?"

"नाही."

"बरं."

मी डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलले. आयुष्यात प्रथमच आवाज कापला नाही.

२२ मार्च

झालं.

कंपनीची लांबट खोली. भिंतीवर मोठा पडदा, समोर परीक्षक, मधोमध पांढऱ्या केसांच्या मुख्य अभियंता बाई. मागे नातेवाइकांच्या खुर्च्या. मावशी नवी पर्स मांडीवर घेऊन ताठ बसलेली. मी तिच्या शेजारी.

दादा छान बोलला. माझीच वाक्यं बोलला. दाबपट्टी, वजन, मिटणारं झाकण. बाईंनी मान डोलावली. "चालवा."

त्याने खटका ओढायचा हुकूम दिला. 'दादा' बुटका तुरुतुरु चालत गेला. क्षणभर काहीच घडलं नाही. मग दालनाच्या वरच्या टोकाला एक लाल ठिपका दिसला. ठिपक्याची रेघ झाली. पुतळे उरले, माणसं उरली नाहीत. पडद्यावर मृतांची नावं एकाखाली एक उतरू लागली. कोणीतरी फिसकन हसलं. मावशीने माझा हात धरला — "हे असंच असतं का गं?"

"नाही, मावशी."

मला आनंद झाला. लिहून ठेवते; उद्या नाकारायला नको. गळ्यापर्यंत, डोळ्यांपर्यंत आनंद झाला.

बाईंनी विचारलं, "हे कोणी जोडलं?"

दादाने वळून मागच्या खुर्च्यांकडे पाहिलं. थेट माझ्याकडे. मग म्हणाला, "मीच."

अजूनही मीच! सगळं जळून गेलं, तरी मालकी सुटेना! त्या एका शब्दाने माझ्या मनात उरलीसुरली दया होती, तीही गेली.

२५ मार्च

जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. मावशी आमच्याकडे येऊन रडली. "एवढा अभ्यास केला होता गं त्याने." आईने तिला पाणी दिलं आणि मला म्हणाली, "तू काहीतरी बोल ना तिच्याशी."

मी म्हटलं, "फार वाईट झालं, मावशी." वाक्य निर्दोष होतं.

२ एप्रिल

दादाने फाइल झेरॉक्सवाल्याकडे टाकून दिली होती; पुढचं वर्ष कोण चालवणार, असं विचारत त्याने राख झालेला किल्ला माझ्याकडे पाठवला. जेवण उरकून दुपारी उघडला. आपलं काम शेवटचं डोळे भरून पाहावं, एवढाच हेतू.

मृतांच्या यादीत 'मौनी' नाही.

शोधली. किल्ल्याबाहेर, टेकडीवर. तिला तिथे नेमून उभं केलं आहे. शेजारी एक खाट, पाण्याचं पिंप, आडोशाला भिंत. माझ्या वर्षात ती दालनात झोपत होती. तिथून ती आपण होऊन हलणारी नव्हती.

झेरॉक्सवाल्याला फोन केला. मी, आपणहून!

"मी? छे गं! मी फक्त पुतळे केले."

उद्या बोगदा पाहीन. आज फाइल बंद केली.

३ एप्रिल

बोगद्याच्या तोंडाशी, माझ्या दगडी दाराला पाटी आहे. मी लावली नव्हती.

'लाव्हाचे दार. रचना — मौनी.'

म्हणजे दादाने हे दार आधीच पाहिलं होतं, आणि तरीही खटका ओढला.

एक सूड तेवढा माझा होता. तोही त्याने आपल्या हाताने केला.