पाटावर दीड तास

२ एप्रिल १९८९, आदिलाबाद
नवी वही. नागपूरचे डॉक्टर म्हणाले ते आधी लिहून ठेवतो. माझ्या आतड्याला काही पदार्थ सोसत नाहीत. कोणते, ते शोधायचं. दूध, गहू, ज्वारी, तूर, मिरची, शेंगदाणे बंद. फक्त भात, मुगाचं वरण, उकडलेला दुधी. मग दर चार दिवसांनी एकेक पदार्थ सुरू करायचा आणि लिहायचं. मी बी.एस्सी. आहे. पद्धत पटली.
मुदत १४ मे. मुलीचं, विनोदिनीचं लग्न. कन्यादानाचा विधी दीड तास चालेल असं भटजी म्हणाले. दीड तास पाटावरून उठायचं नाही. गेल्या वर्षी पुतण्याच्या मुंजीत मी तीनदा उठलो होतो. तिथे यजमान नव्हतो, म्हणून निभावलं.
वहीत चार रकाने आखले: तारीख, पदार्थ, वेळ, परिणाम.

३ एप्रिल
बायकोने, कुमुदिनीने विचारलं, दूध बंद तर चहाचं काय? समजावलं. बंद करायचे आहेत ते पदार्थ. चहा पदार्थ नव्हे. दूध चहात पडलं की ते चहाच होतं. ती म्हणाली, "असं डॉक्टर म्हणाले का?" म्हटलं, डॉक्टरांनी चहाचं नावही काढलं नाही. हे खरं आहे. मीही काढलं नाही, हेही खरं आहे. स्वतःला फसवत नाही ना, हे दोनदा तपासलं. नाही.

७ एप्रिल
तलमडुगूच्या माझ्या कचेरीत शेतकरी डोमाजी आला, पहाणीची, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याची, नक्कल मागायला. म्हणाला, "जेवाले नाई म्हणता साहेब, चहाले बी नाई म्हणान त आमचा काई राग हाय का?" माझा वीस वर्षांचा नियम आहे: कामासाठी आलेल्या माणसाचा चहा घ्यायचा नाही. म्हणून त्याला मीच पाजला. एकट्याला पाजणं बरं दिसत नाही, म्हणून सोबत मीही घेतला. आज अशी सहा माणसं आली.
परिणाम: चार वेळा.

१२ एप्रिल
ज्वारी सुरू केली. अर्धी भाकर. परिणाम: पाच वेळा. ज्वारी दोषी. वाईट वाटलं. लहानपणापासून तिच्यावरच वाढलो. पण शास्त्रात माया कामाची नाही.

१६ एप्रिल
तूर दोषी.

२० एप्रिल
शेंगदाणे दोषी. मिरचीला संधीच दिली नाही, ती उघड दोषी आहे.

२५ एप्रिल
भातावर संशय. चार दिवस बंद ठेवून पाहतो. कुमुदिनीने ताट उचलून नेलं, तेव्हा जरा जोरात आपटलं. दुपारी थकवा फार. त्यावर चहा घेतला, तरतरी आली. चहा नसता तर या प्रयोगात मी टिकलोच नसतो.

३० एप्रिल
इचोड्याहून नागनाथ आला. धाकटा भाऊ, पण जीभ थोरल्याची. शिंप्याने माझं माप घेतलं ते पाहून हसला. म्हणाला, "दादा, तू तं काईच खाऊन नाई राह्यला. मंग हे निघून काऊन राह्यलं?" चारचौघांत असं बोलणं शोभत नाही. तरी प्रश्न शास्त्रीय आहे. उत्तर अजून सापडलेलं नाही, असं प्रामाणिकपणे नोंदवतो.

३ मे
संध्याकाळी विनोदिनी जवळ येऊन बसली. म्हणाली, "बाबा, तुम्ही बसाल ना? काका-काकूंना तयार ठेवू असं आई म्हणते. मला काकांच्या हातून नको." मी म्हणालो, दीड काय, तीन तास बसेन. ती हसली, पण डोळ्यांत पाणी होतं. मला वाटतं धुराचं असावं.

५ मे
सराव सुरू. पाट मांडला, मांडी घातली, घड्याळ समोर. अडतीस मिनिटं.

७ मे
सराव. बावीस मिनिटं. प्रगती उलट्या दिशेने आहे. कारण: ऊन.

१० मे
उपाय सापडला! मुलीच्या आईबापांनी कन्यादान होईपर्यंत उपास करायचा असतो. आपल्या लोकांनी हा विचार किती आधी करून ठेवला आहे! जे पोटात गेलंच नाही ते बाहेर कसं येणार? नागनाथला सांगितलं. तो फक्त "हूं" म्हणाला. मत्सर असावा.

१४ मे, पहाटे
उपास सुरू. अन्नाचा कण नाही. मन शांत. उपासाला चहा चालतो. रेणुकाआत्यांनी स्वतः करून दिला, निव्वळ दुधात. म्हणाल्या, "उपाशी लेकराले पान्याचा चा काऊन द्याव?" म्हाताऱ्या माणसाचं मन मोडवेना. दोन कप.

सकाळी नऊ
येणारा प्रत्येक जण म्हणतो, अरेरे, उपाशी आहेत, चहा तरी द्या. व्याह्यांनी दिला. व्याह्यांच्या भावाने दिला. नाही म्हटलं तर ते रुसतील. सात कप. पोट आवाज करतं आहे. रिकामं असल्याची खूण.

१५ मे
लिहायचं नव्हतं. पण नोंद अर्धी ठेवणं माझ्या स्वभावात नाही.
कन्यादानाला बसलो. सतरा मिनिटांनी उठलो. परत आलो. पाणी सोडायची वेळ आली तेव्हा पुन्हा उठलो. भटजींसमोरचा माईक कोणी बंद केला नव्हता. त्यांनी विचारलं, "यजमान कुठे बसलेत?" नागनाथ म्हणाला, "बसलेच हाय, पन तिकडं." हे बस स्टँडपर्यंत ऐकू गेलं. मला तर दाराआड अगदी स्पष्ट.
भटजी म्हणाले, काकांना बसवा. विनोदिनी म्हणाली, "थांबा, बाबा येतील." तेही माईकवरून ऐकलं. मंडप थांबला. मी आलो. ती नुसतं बघत होती, हात पुढे करून. मी मांडी घातली, पळी उचलली, आणि पळी खाली ठेवली. या वेळी ती थांबा म्हणाली नाही.
परत आलो तेव्हा माझ्या पाटावर नागनाथ होता, शेजारी त्याची बायको. पाणी सोडून झालं होतं. कुमुदिनी खांबाला टेकून उभी होती. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. ती जरा सरकली. जागा द्यायला, की लांब व्हायला, ते कळलं नाही. आत्यांनी हातात कप दिला. "सकाळपासून उपाशी हायेस रे, घे." घेतला.
निघताना विनोदिनी वाकून पाया पडली. मग गळ्यात पडून कानात म्हणाली, "बाबा, चहा सोडा." सासरी निघालेल्या मुली काहीही बोलतात.

नोंद. पदार्थ: काही नाही. परिणाम: नऊ वेळा.
निष्कर्ष: अन्नाचा दोष नाही, हे आता सिद्ध झालं. ज्वारीची मनातल्या मनात माफी मागितली. पाण्यावर संशय आहे. उद्यापासून पाणी बंद. तहान लागली तर चहा आहेच.